ऑक्टोबरवाल्यांनाही बोलवा : माजी विद्यार्थी मंडळाला खुले पत्र

प्रिय मुलांनो आणि मुलींनो,

सप्रेम नमस्कार. तुमच्यातले बरेचजण पन्नाशीला आले, काहींना नातवंडंही झाली. तरी मुलंच म्हणतो. मास्तरकीत मिळालेला हा एकच भत्ता असा, की तो निवृत्तीनंतरही बंद होत नाही.

आपल्या गणिताच्या सरांच्या स्मरणार्थ मंडळाने काढलेलं परिपत्रक फिरत फिरत माझ्यापर्यंत आलं. शाळेच्या फाटकावर सरांच्या नावाची कमान, आणि दरवर्षी दहावीत नव्वद टक्क्यांच्या वर गुण मिळवणाऱ्यांना सरांच्या नावाने रोख पारितोषिक, सन्मानचिन्ह, शाल-श्रीफळ. खाली समितीच्या यादीत 'मार्गदर्शक' म्हणून माझं नाव. मला विचारलं नव्हतंत, पण हरकत नाही. नाव घातलंच आहे तर मार्गदर्शन करतो. तेही उघड पत्रातून, कारण अशी परिपत्रकं सध्या गावोगावच्या शाळांतून निघताहेत आणि नव्वद टक्क्यांची अट सगळीकडे तीच. जणू कोणीतरी एकदा छापली आणि बाकीच्यांनी झेरॉक्स काढल्या.

कमानीबद्दल माझं काही म्हणणं नाही. बांधा. चिऱ्याची बांधा, म्हणजे दर पावसाळ्यानंतर रंगरंगोटीचा खर्च नको. एसटीची वाट बघणाऱ्या पोरांना आडोसा होईल.

बोलायचं आहे ते बक्षिसाबद्दल.

सरांच्या हाताखालून नव्वदवाले गेले नाहीत असं नाही. तुमच्यापैकीच कितीतरी गेलात. पण खरं सांगा, सर तुमच्याकडे किती बघत? वही तपासून परत देत, 'तुझं चाललंय, चालू दे' म्हणत, आणि वळत ते मागच्या बाकाकडे. शिक्षकांच्या खोलीत मी त्यांना एकदा विचारलं होतं, हुशार मुलांवर जरा जास्त मेहनत घेतलीत तर बोर्डात नंबर येईल, शाळेचं नाव होईल. सर म्हणाले, 'ती माझ्याशिवायही शिकतील हो. माझं गिऱ्हाईक ते नव्हे.'

त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे ऑक्टोबरवाले.

नव्या मुलांसाठी सांगतो. पूर्वी दहावीला एखाद-दोन विषयांत गचकलं की ऑक्टोबरात पुन्हा बसता येई. आता ती फेरपरीक्षा जून-जुलैतच होते. मुलाचं वर्ष वाचतं, चांगलंच आहे. तेव्हा मात्र जून ते ऑक्टोबर हे चार महिने त्या पोरांचे फार वाईट जात. शाळेत नाव नाही, कॉलेजात नाव नाही, घरी बाप बोलणार, आणि बरोबरचे अकरावीत जाऊन नवीन दप्तर घेऊन मिरवणार. बहुतेकांचं शिक्षण त्या चार महिन्यांतच संपायचं. परीक्षेला बसायचेच नाहीत.

सर त्यांना घरी जाऊन आणत. शाळा सुटली की प्रयोगशाळेच्या पडवीत ऑक्टोबरची बॅच भरे. फी नाही. वर पत्र्यावर पाऊस असा वाजायचा की शिकवलेलं अर्धं ऐकूच यायचं नाही, म्हणून सर बोलण्यापेक्षा लिहीत जास्त. वह्या त्यांनी स्वतः केलेल्या असत. शाळेच्या जुन्या उत्तरपत्रिकांची मागची कोरी पानं कापून घ्यायची, सारखी जुळवायची, दाभणाने टोचून सुतळीने शिवायची आणि वर तपकिरी कागदाचं कव्हर. कव्हरवर मुलाचं पूर्ण नाव सरांच्या अक्षरात. मी त्यांना कधी कधी दाभण टोचायला मदत करी, कारण माझी मराठीची मुलं सहसा नापास होत नसत आणि मला वेळ असे.

आणि काय शिकवत? गुणोत्तर-प्रमाण शिकवायचं तर पुस्तक मिटून ठेवत आणि रापण काढत. किनाऱ्यावर रापण ओढली, इतकी मासळी मिळाली. ज्याचं जाळं त्याला जाळ्याचा वाटा, ज्याची होडी त्याला होडीचा, ओढणाऱ्याला ओढण्याचा. आता वाटे पाडा. ज्या पोराला फळ्यावरचं तीनास पाच कळत नव्हतं, तो बोटांवर वाटे पाडून दाखवायचा आणि वर सरांची चूक काढायचा, की होडीवाल्याला एवढा वाटा आमच्यात देत नाहीत. सर खूश. चूक मुद्दामच घातलेली असायची की काय, मला आजही शंका आहे.

हे ऑक्टोबरवाले आज कुठे आहेत, तुम्हाला ठाऊक आहे? एक जण बंदरावर आउटबोर्ड मोटरी दुरुस्त करतो. एक गोव्यात हॉटेलात कुक आहे आणि त्याच्या हाताखाली सहा-सात जण आहेत. एक एसटीत ड्रायव्हर. एक मुलगी नर्सिंग करून सरकारी दवाखान्यात लागली. तिच्या घरी तर लग्न ठरवून टाकलं होतं, सर दोनदा जाऊन आले तेव्हा ते पुढे ढकललं. काजूचं युनिट चालवणारा एक आहे, त्याच्याकडे बायका कामाला आहेत आणि त्याचा पगाराचा हिशेब चोख असतो. मोटरीवाला मला परवा म्हणाला, 'सरांमुळेच मी आज डिझेलाचो हिशेब माझो मी करतंय.'

यांच्यातला एकही तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये नाही. मी यादी दोनदा वाचली. ग्रुपमध्ये पुणे आहे, ठाणे आहे, दुबई आहे, न्यू जर्सी आहे. बंदर नाही. सर गेले त्या दिवशी भर पावसात कोरडी लाकडं कोणी मिळवली, टेम्पो कोणाचा होता, सरांच्या घरी बाईंजवळ रात्री कोण बसलं, ते विचारून बघा. सगळे ऑक्टोबरवाले होते. तुम्ही फुलांचे फोटो आणि हात जोडलेल्या चित्रांची रांग लावली होतीत. तुम्ही लांब होतात, मी दोष देत नाही. पण सरांचं स्मारक करायला बसलेल्या समितीत, सरांनी ज्यांच्यावर आयुष्य खर्च केलं त्यांच्यातला एकही नसावा हे मला खटकतं. आणि बक्षीसही त्यांच्यासारख्याला कधी मिळू नये अशी अट घालायची, हे तर फारच झालं.

आता तुम्हाला आपल्याच तालुक्यातल्या एका मास्तरांची गोष्ट सांगतो. थोडी लांबेल. मराठीच्या सरांचं पत्र आहे, लांबणारच.

वेंगुर्ले तालुक्यात समुद्रकाठी केळूस आहे. सहलीला जाता, सोलकढी पिऊन येता. त्या गावचे कृष्णराव अर्जुन केळूसकर, जन्म १८६० चा. मुंबईत विल्सन हायस्कूलमध्ये शिक्षक होते. शिकवता शिकवता लिहीत. तुकारामांचं चरित्र लिहिलं, १८९८ साली गौतम बुद्धाचं चरित्र प्रसिद्ध केलं, पुढे शिवाजी महाराजांचं भलंथोरलं चरित्र लिहिलं. त्या शिवचरित्राच्या आधारे १९२१ मध्ये इंग्रजी ग्रंथही निघाला. एवढं सगळं करून शाळेची नोकरी चालू. आजच्या भाषेत 'फुल टाइम'.

हे केळूसकर संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत जात. तिथे एक शाळकरी मुलगा त्यांना वरचेवर दिसे. एकटाच बसून वाचत असलेला. इतर मुलं खेळतात आणि हा वाचतो, म्हणून त्यांनी चौकशी केली. मुलगा सुभेदार रामजी सकपाळांचा, भीमराव. शाळा एल्फिन्स्टन हायस्कूल. म्हणजे केळूसकरांच्या शाळेचाही नाही, वर्गाचा तर नाहीच. त्यांच्या हजेरीपटावर हे नाव कधीच नव्हतं. तरी मास्तरांनी त्याला वाचायला पुस्तकं द्यायला सुरुवात केली, काय वाचावं ते सांगू लागले.

मुलगा बागेत का वाचत होता? कारण घरी जागा नव्हती. परळच्या डबक चाळीतली एक खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. उशाशी जातं, पायाशी बांधलेली शेळी, असं वर्णन चरित्रकारांनी केलेलं आहे. बाप रात्री दोनपर्यंत जागा राही आणि मग मुलाला उठवून स्वतः त्याच्या जागेवर झोपे. हा बापही शिक्षकच बरं का, लष्करी शाळेत हेडमास्तर होता. पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकणारा. आणि शाळेत काय? संस्कृत शिकायचं होतं, ते अस्पृश्य म्हणून शिकू दिलं नाही, फारसी घ्यावं लागलं. फळ्यावर गणित सोडवायला बोलावलं तर बाकीची पोरं धावली, कारण त्यांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. डबे हलवल्यावर मग याने गणित सोडवायचं.

अशा सगळ्यातून तो मुलगा १९०७ मध्ये मॅट्रिक झाला. गुण किती? ७५० पैकी २८२.

टक्केवारी मी काढून देतो, सर असते तर त्यांनी तोंडी सांगितली असती. ३७.६. तुमच्या परिपत्रकाच्या हिशेबाने हा मुलगा व्यासपीठाच्या जवळपासही फिरकू शकत नाही. आजच्या बॅनरवर त्याचा फोटो येणार नाही. क्लासवाले त्याचं नाव घेणार नाहीत.

पण त्याच्या समाजातल्या लोकांनी सत्कार ठरवला. आपल्यातलं पोर इथवर पोचलं, ही त्यांच्या दृष्टीने केवढी गोष्ट! आणि गंमत अशी, की आडवे आले खुद्द वडील. बाबासाहेबांनी ही हकीकत आयुष्याच्या शेवटी, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे. वडिलांनी साफ नकार दिला. एक परीक्षा पास झालाय, त्याचा एवढा गाजावाजा केला तर पोराचं डोकं फिरेल. तेव्हा मंडळी गेली दादा केळूसकरांकडे. ते वडिलांचे स्नेही. त्यांनी थोडी हुज्जत घातली, सुभेदारांना राजी केलं आणि सभा झाली. सभेच्या शेवटी केळूसकरांनी मुलाला आपलं पुस्तक भेट दिलं. बुद्धाचं चरित्र.

(पुढच्या पिढीतल्या चिकित्सकांसाठी एक कंस. चरित्रकार सांगतात की सभा मॅट्रिकच्या निकालानंतरची आणि अध्यक्ष होते सी. के. बोले. बाबासाहेबांना स्वतःला मात्र आठवते ती इंग्रजी चौथी पास झाल्याची सभा, आणि अध्यक्ष म्हणून केळूसकर. पन्नास वर्षांनी लिहिताना माणसाच्या आठवणीत इयत्ता बदलते, अध्यक्षही बदलतात. पुस्तक कोणी दिलं, त्यात दोन्हीकडे फरक नाही. बोल्यांबद्दलही सांगून टाकतो, कारण त्यांचं नाव आता कोणी घेत नाही. सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात हा ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये त्यांनीच मांडला आणि तो मंजूर झाला. १९२७ ला महाडच्या तळ्यावर जे घडलं त्याला या ठरावाचा आधार होता.)

पुस्तकाने काय केलं? मुलाने ते वाचलं आणि घरी प्रश्न विचारायला लागला. सुभेदार रोज रामायण-महाभारत वाचायला लावत. मुलाने विचारलं, हेच का वाचायचं? भीष्म-द्रोणांबद्दल, कृष्णाबद्दल, रामाबद्दल आपल्याला काय पटत नाही तेही सांगितलं. बुद्धाबद्दलचं काहीच वडिलांनी का वाचायला दिलं नाही, असंही मनात आलं. कोणत्याही घरात असा प्रश्न आला की जेवणाच्या पाटावर वातावरण तापतं, ते तिथेही तापलं असणार. पण प्रश्न मिटला नाही. १९५४ साली नायगावच्या पुरंदरे स्टेडियमवर बाबासाहेबांनी आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. पहिल्या गुरूची ओळख सांगताना त्यांनी केळूसकरांचं नाव घेतलं. पुढे दोनच वर्षांत नागपूरची दीक्षा झाली.

आता इथे तुमच्यातला कोणीतरी भाषणात म्हणेल, 'बाबासाहेबांना घडवणारे केळूसकर गुरुजी'. कृपा करून म्हणू नका. बाबासाहेब बाबासाहेबांनी घडवले, आणि त्यांच्या घरच्यांनी पोटाला चिमटा काढून घडवले. केळूसकरांनी एवढंच केलं, की योग्य वेळी योग्य पुस्तक हातात ठेवलं. आणि सभा संपल्यावर घरी गेले नाहीत. हे दुसरं मला जास्त मोलाचं वाटतं.

म्हणजे असं. मॅट्रिकनंतर भीमराव एल्फिन्स्टन कॉलेजात गेला. इंटर झाला आणि घरचे पैसे संपले. इथे गोष्ट संपू शकली असती. सत्कार झालेला, हार वाळलेला, आणि पोरगा कुठेतरी कारकून. पण वडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी अस्पृश्य वर्गातल्या लायक विद्यार्थ्याला उच्च शिक्षणासाठी मदत करण्याचं जाहीर केलं होतं. भाषणात जाहीर केलेल्या मदतीचं पुढे काय होतं, ते आपल्याला माहीत आहे. कोणीतरी पाठपुरावा केला तर मिळते. केळूसकरांनी केला. मुलाला घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी प्रश्न विचारले, उत्तरं ऐकली आणि महिना पंचवीस रुपये शिष्यवृत्ती लावून दिली. त्याच्या जोरावर १९१२ मध्ये बी. ए. झालं, आणि १९१३ मध्ये त्याच महाराजांच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेला.

आपल्या शाळेचा नसलेल्या मुलासाठी एका मास्तराने एवढी पायपीट केली. या कामाची नोंद कुठल्या सेवापुस्तकात होत नाही. वेतनवाढ लागत नाही.

तुम्ही ७ नोव्हेंबरला 'विद्यार्थी दिवस' साजरा करता. भीमराव साताऱ्याच्या शाळेत १९०० साली त्या तारखेला दाखल झाला, म्हणून शासनाने तो दिवस ठरवला. निबंधस्पर्धा होतात. चांगलं आहे. साताऱ्याच्याच दिवसांतले एक आंबेडकर मास्तर होते. ते फारसं शिकवत नसत, हे बाबासाहेबांनीच मोकळेपणाने सांगून ठेवलंय. पण मधल्या सुटीत स्वतःच्या भाजी-भाकरीतला वाटा या मुलाला रोज देत. देत ते वरून, हातावर टाकून. प्रेम होतं आणि विटाळही होता, एकाच हातात. बाबासाहेबांनी त्या भाकरीची आठवण जन्मभर गोड ठेवली, आणि ती वरून टाकली जायची हेही सांगायचं सोडलं नाही. मास्तरांबद्दल लिहावं तर असं. तुमच्या स्मरणिकेत सरांवर लेख येतील त्यांत 'ऋषितुल्य' हा शब्द मी आल्या आल्या खोडणार आहे, आत्ताच सांगून ठेवतो. सर तापट होते. डस्टर फेकून मारत. नेम चांगला होता. एका वर्षी मुख्याध्यापकांशी असा अबोला धरला की निरोप शिपायामार्फत चाले. हेही येऊ द्या.

आता कामाचं.

२०२५ चा दहावीचा राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला. आपला कोकण विभाग नेहमीप्रमाणे पहिला, ९८.८२. आपल्याला केवढा अभिमान! पण जरा उलटं वाचा. आपल्याकडे शंभरात एखाद-दुसराच नापास होतो. जिथे पन्नास नापास व्हायचे तिथे नापासांची निदान टोळी तरी असायची, सरांच्या पडवीत बसायला सोबत असायची. आता अख्ख्या गावात एक पोर नापास होतं आणि घराबाहेर पडत नाही. त्याच्या दारावरून नव्वदवाल्यांचे बॅनर. आणि शेजारीच काठावर पास झालेले, चाळीस-पंचेचाळीसवाले. त्यांना कोणी नापास म्हणत नाही, म्हणून त्यांच्याकडे कोणी बघतही नाही.

सरांच्या नावाचं बक्षीस द्यायचं तर इथे द्या. फेरपरीक्षेला बसून जो पास होईल त्याला द्या. काठावर पास होऊन आयटीआयला जाणाऱ्याला हत्यारांची पेटी घेऊन द्या. रोख रकमेचं पाकीट व्यासपीठावर देऊ नका, पोराला लाज वाटते. फी परस्पर भरा.

आणि पैशापेक्षा दुसरं एक द्या, जे केळूसकरांनी दिलं. सोबत चला. आज वडोद्याचे महाराज नाहीत, महाडीबीटीचं पोर्टल आहे. तिथे शिष्यवृत्ती आहे, पण ती मागायला जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाचा दाखला लागतो, बँकेचं खातं आधारला जोडलेलं लागतं. एका कागदावर वडिलांचं नाव 'सखाराम' आणि दुसऱ्यावर 'सकाराम' असलं की अर्ज परत. अकरावीचा प्रवेशही आता राज्यभर ऑनलाइन झालाय. पसंतीक्रम भरायचा, फेरीची तारीख पाळायची. तुमच्या मुलांचं हे तुम्ही मोबाइलवर बसल्या जागी करता. ज्या घरात आई मासळी विकायला पहाटे बाहेर पडते आणि बाप बोटीवर असतो, त्या घरातलं पोर सेतू केंद्राच्या रांगेत एकटं उभं राहतं, खिडकीतून 'उद्या ये' ऐकतं आणि उद्या जात नाही. तिथे त्याच्या शेजारी एक मोठा माणूस उभा असेल, तर खिडकीतला आवाज बदलतो. मी हे करून पाहिलंय. पांढरे केस असले तर आणखी लवकर बदलतो.

तुम्हाला न्यू जर्सीहून हे करता येणार नाही, मान्य. तुम्ही पैसे पाठवा. उभं राहायला गावात माणसं आहेत. मोटरीवाला आहे, काजूवाला आहे, दवाखान्यातली आपली मुलगी आहे. नापास झाल्यावर कसं वाटतं हे त्यांना सांगावं लागत नाही. त्यांना समितीत घ्या. सल्लागार, विशेष निमंत्रित वगैरे नको, सरळ सदस्य. माझं 'मार्गदर्शक' काढून त्या जागी मोटरीवाल्याचं नाव घातलंत तर मला आनंदच होईल. आणि माझ्यासाठी शाल आणू नका. आपल्या हवेत शाल म्हणजे शिक्षा आहे, आणि कपाटात आता जागा नाही.

एक शेवटचं. समितीची पहिली बैठक तुम्ही रविवारी सकाळी दहाला ठेवली आहे. मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांना ते सोयीचं. पण रविवारी सकाळी काजूवाल्याचा आठवड्याचा पगार वाटप असतो, आणि मोटरीवाला बंदर सोडू शकत नाही, मासळीचा लिलाव संपेपर्यंत कोणाची ना कोणाची मोटर बंद पडतेच. बैठक संध्याकाळी पाचला घ्या. प्रयोगशाळेच्या पडवीत घ्या, हॉलचं भाडं वाचेल. निमंत्रण मात्र व्हॉट्सॲपवर टाकू नका, ती मंडळी ग्रुपमध्ये नाहीत हे वर लिहिलंच आहे. घरी जाऊन द्या. कोणाचं घर कुठे ते माहीत नसेल तर शनिवारी दुपारच्या गाडीने या, जेवायला माझ्याकडे थांबा, मी बरोबर येतो.

तुमचे,
मराठीचे सर